डॅशिएल हॅमेट आणि त्याच्या कथांतील करारी स्त्रिया

– द्वितीय वर्ष कला

रहस्यकथा म्हटली की आपल्याकडची जाणकार मंडळी थोडे नाक मुरडतात. वाचतात सगळेच, पण घरातल्या कपाटात ती पुस्तके पुढच्या रांगेत लागत नाहीत. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू यांनी कित्येकांना वाचनाची गोडी लावली. तरी वाङ्मयाच्या इतिहासात अर्नाळकरांच्या वाट्याला फार जागा आलेली नाही. अमेरिकेतही एके काळी हीच तऱ्हा होती. भुरकट, खरबरीत कागदावर छापलेल्या स्वस्त मासिकांतून तिथल्या रहस्यकथा येत आणि वाचून झाल्या की रद्दीत जात. अशाच एका मासिकातून पुढे आलेल्या लेखकाची पुस्तके आज तिथल्या विद्यापीठांत अभ्यासली जातात. त्याचे नाव डॅशिएल हॅमेट.

हॅमेटवर लिहिणारे बहुतेक जण त्याच्या गुप्तहेरांवर लिहितात. मला त्याच्या कथांतल्या स्त्रियांसाठी त्याचे चरित्र सांगावेसे वाटते. रहस्यकथेतल्या बाईचे काम सहसा ठरलेले असते. एक तर पहिल्या प्रकरणात तिचे प्रेत सापडते, नाहीतर शेवटच्या प्रकरणात तिला कोठडीतून सोडवायचे असते. मधल्या काळात तिने किंकाळी फोडायची. शेरलॉक होम्सला चकवणारी आयरीन ॲडलर १८९१ मध्ये येऊन गेली, पण ती अपवाद म्हणूनच लक्षात राहिली. हॅमेटच्या स्त्रिया मात्र सौदे करतात, खोटे बोलतात, पैशाचा हिशेब ठेवतात, स्वतःचे निर्णय स्वतः घेतात आणि त्यांची किंमतही स्वतःच मोजतात. या स्त्रिया त्याला कुठे भेटल्या असतील? उत्तर त्याच्या कथांइतकेच त्याच्या आयुष्यात आहे.

सॅम्युएल डॅशिएल हॅमेटचा जन्म २७ मे १८९४ रोजी अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, सेंट मेरीज काउंटीत आजोबांच्या शेतावर झाला. डॅशिएल हे त्याच्या आईचे माहेरचे आडनाव. आई ॲनी ही परिचारिकेचे शिक्षण घेतलेली होती, पण तिची छाती नेहमी दुखणाईत असे. वडील रिचर्ड यांचे कोणत्याच धंद्यात नीट बस्तान बसले नाही. कुटुंब फिलाडेल्फियाला गेले, तिथून बाल्टिमोरला आले. पुढे लेखक झाल्यावर त्याने सॅम्युएल हे नाव मागे ठेवले आणि आईकडून आलेले डॅशिएल पुढे आणले. सॅम हे नाव वाया गेले नाही. ते त्याने आपल्या सर्वांत प्रसिद्ध गुप्तहेराला दिले.

चौदा वर्षांचा असताना वडील आजारी पडले म्हणून त्याने शाळा सोडली. बाल्टिमोर पॉलिटेक्निक या शाळेत तो जेमतेम एक सत्र शिकला होता. त्यानंतर शाळा नाही की कॉलेज नाही. रेल्वे कंपनीत निरोप्या, मग कारकून, मग हमाल, अशा पडतील त्या नोकऱ्या त्याने केल्या आणि बहुतेक ठिकाणांहून त्याला काढून टाकण्यात आले. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. माझ्या वडिलांचीही शाळा याच वयात आणि याच कारणाने सुटली. तेव्हा चरित्रकार हे सारे दोन ओळींत आटोपतात याचा मला थोडा राग येतो. चौदाव्या वर्षी शाळा सुटलेल्या मुलाला पुढे ग्रंथालयात एकट्याने काय काय वाचून काढावे लागते, हे दोन ओळींत मावण्यासारखे नाही.

१९१५ मध्ये तो बाल्टिमोरच्या पिंकर्टन कचेरीत नोकरीला लागला. पिंकर्टन ही अमेरिकेतली सर्वांत मोठी खाजगी गुप्तहेर संस्था होती. उघडा डोळा हे तिचे बोधचिन्ह. या संस्थेच्या इतिहासात एका बाईचे नाव फार वर आहे. १८५६ मध्ये केट वॉर्न नावाची विधवा शिकागोला ॲलन पिंकर्टनच्या कचेरीत गेली आणि गुप्तहेराची नोकरी मागू लागली. पुरुषांना जिथे शिरता येत नाही तिथल्या गोष्टी बाई काढून आणू शकते हे तिने त्याला पटवले आणि नोकरी मिळवली. १८६१ मध्ये राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेल्या अब्राहम लिंकनला बाल्टिमोरमधून सुखरूप वॉशिंग्टनला पोचवण्याच्या कामात तिचा हात होता. हॅमेट नोकरीला लागला तेव्हा तिला जाऊन जवळजवळ अर्धे शतक झाले होते. पण गुप्तहेराच्या धंद्यात बाईने असावे की नाही या वादाचा निकाल त्या संस्थेपुरता तरी फार आधीच लागला होता.

पिंकर्टनचे काम म्हणजे कथांतल्यासारखे रोज खून उकलणे नव्हे. तासन् तास कुणाच्या तरी दारासमोर उभे राहायचे, पाठलाग करायचा, खोट्या नावाने राहायचे, चोरीचा माल शोधायचा आणि रोज अहवाल लिहायचा. तो अहवाल कोरडा, नेमका, स्वतःचे मत न मिसळता लिहावा लागे. हॅमेटच्या गद्याची शाळा म्हणायची तर हीच! त्याच्या कादंबऱ्यांत पात्राच्या मनात काय चालले आहे हे लेखक कधी सांगत नाही. हात कुठे होते, डोळे कुठे होते, दिवा कोणत्या बाजूला होता, एवढे सांगतो आणि उरलेले वाचकावर सोडतो.

या धंद्याला एक काळी बाजूही होती. कारखानदार संप मोडण्यासाठी पिंकर्टनची माणसे भाड्याने घेत. १९१७ मध्ये मोंटाना राज्यातल्या ब्यूट या तांब्याच्या खाणींच्या गावात फ्रँक लिटल या कामगार पुढाऱ्याला रात्री झोपेतून उचलून फासावर लटकवण्यात आले. त्याला मारण्यासाठी हॅमेटला पाच हजार डॉलर देऊ करण्यात आले होते, असे त्याने आपल्याला सांगितल्याचे लिलियन हेलमनने लिहून ठेवले आहे. अभ्यासकांना त्याबद्दल शंका आहे. पण खाणमालकांच्या गावाचे त्याने पुढे जे चित्र काढले, ते पाहता ब्यूटचा ठसा त्याच्या मनावर उमटला होता यात शंका नाही.

१९१८ मध्ये तो सैन्यात दाखल झाला आणि रुग्णवाहिकांच्या तुकडीत गेला. युद्धावर जायच्या आधीच त्या वर्षीच्या इन्फ्लुएन्झाच्या साथीने त्याला गाठले. पाठोपाठ क्षय आला. १९१९ मध्ये सैन्यातून सुटला तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता, सहा फुटांहून उंच आणि काडीसारखा वाळलेला. पुन्हा पिंकर्टनची नोकरी, पुन्हा आजार. १९२० मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या टाकोमा येथील रुग्णालयात त्याला जोसेफाइन डोलन ही परिचारिका भेटली. तिला सगळे जोस म्हणत. लहानपणीच आईवडील गेलेली, मोंटानात वाढलेली आणि स्वतःच्या पायावर उभी असलेली ही मुलगी. ७ जुलै १९२१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचे लग्न झाले. त्याच वर्षी मोठी मुलगी मेरी जन्मली आणि १९२६ मध्ये धाकटी जोसेफाइन.

थंडीत रात्रभर पाळत ठेवणे क्षयाच्या रोग्याला झेपेना. लग्नानंतर थोड्याच दिवसांत हॅमेटने गुप्तहेराची नोकरी कायमची सोडली. अपंगत्वाचे थोडेसे निवृत्तिवेतन, दोन खोल्यांचे घर आणि तान्ही मुलगी. दिवसा तो सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयात बसून वाची, एका व्यावसायिक शाळेत जाऊन शॉर्टहँड शिके आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर कथा लिही. १९२२ मध्ये त्याचे लिखाण पहिल्यांदा छापून आले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ‘ब्लॅक मास्क’ या मासिकाने त्याची कथा टोपणनावाने छापली. शब्दाला सुमारे एक सेंट असा भाव होता. १ ऑक्टोबर १९२३ च्या अंकात त्याचा पहिला गुप्तहेर आला. बुटका, जाडा, चाळिशीचा आणि नाव नसलेला! कॉन्टिनेंटल डिटेक्टिव्ह एजन्सीचा हा नोकर वाचकांना कॉन्टिनेंटल ऑप म्हणून माहीत झाला. बाल्टिमोरला पिंकर्टनची कचेरी ज्या इमारतीत होती तिच्या नावात कॉन्टिनेंटल हा शब्द होता.

या तऱ्हेच्या लेखनाला इंग्रजीत ‘हार्डबॉइल्ड’ म्हणतात, म्हणजे पूर्ण उकडलेल्या अंड्यासारखे टणक. गुप्तहेर भावनेच्या आहारी जात नाही, भाषा रस्त्यावरची असते आणि गुन्हा दिवाणखान्यातून निघून गल्लीबोळात, नगरपालिकेत, बँकेत जातो. अशा कठोर जगात बाईचे काय होते? डिसेंबर १९२५ ची ‘दि गटिंग ऑफ कूफिन्याल’ ही कथा पाहा. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एका श्रीमंतांच्या बेटावर रात्री सशस्त्र दरोडा पडतो. त्याच्या मुळाशी रशियातून परागंदा झालेले सरदार लोक असतात आणि त्यांत एक राजकन्या असते. कथेच्या शेवटी पाय मुरगळलेला ऑप खुर्चीत बसला आहे आणि राजकन्या त्याच्यासमोर आहे. ती आधी पैसे देऊ करते, मग स्वतःला. तो दोन्ही नाकारतो. आपले काम आपल्याला आवडते, एवढेच त्याचे कारण. तेव्हा ती शांतपणे दाराकडे चालू लागते. बाईवर हा माणूस गोळी झाडणार नाही अशी तिची खात्री असते. तो तिच्या पोटरीवर गोळी झाडतो.

माझ्या एका मैत्रिणीला हा प्रसंग फार दुष्ट वाटला. मला तो कथेतला सर्वांत प्रामाणिक प्रसंग वाटतो. राजकन्येची सगळी आखणी एका गृहीतावर उभी होती. पुरुष बाईला लहान मुलासारखा सांभाळून घेणार, तिच्या गुन्ह्याला गुन्हा मानणार नाही. ऑप तिला तिच्या साथीदारांइतकेच जबाबदार धरतो. लहान मुलाला माफी असते, मोठ्या माणसाला शिक्षा असते. हॅमेटच्या कथेत बाई मोठे माणूस आहे.

१९२६ मध्ये ‘ब्लॅक मास्क’ला जोसेफ शॉ हा नवा संपादक मिळाला आणि त्याने हॅमेटकडून लांब कथा मागवल्या. दरम्यान हॅमेट अल्बर्ट सॅम्युएल्स या जवाहिऱ्याच्या दुकानासाठी जाहिराती लिहीत होता. तिथेच कामावर रक्ताची उलटी होऊन तो कोसळला. घरात लहान मुली, तेव्हा संसर्गाच्या भीतीने जोसने मुलींना घेऊन वेगळे राहावे असे ठरले. रोगाने घातलेले हे अंतर पुढे कधी भरून आले नाही.

‘रेड हार्वेस्ट’ ही पहिली कादंबरी फेब्रुवारी १९२९ मध्ये पुस्तकरूपाने आली. न्यूयॉर्कच्या नॉफ प्रकाशन संस्थेत या हस्तलिखिताचा सगळा व्यवहार ब्लँच नॉफ या बाईंनी पाहिला. गोळीबार थोडा कमी करावा आणि नाव बदलावे असे त्यांनी कळवले. हॅमेटने दोन्ही ऐकले, तरीही कादंबरीत मुडद्यांची रास पडतेच. खाणमालकाने संप मोडण्यासाठी आणलेल्या गुंडांनी आता गावच बळकावले आहे आणि ऑप त्यांना एकमेकांविरुद्ध लढवून संपवतो, अशी ती गोष्ट. यातली डायना ब्रँड मला विसरता येत नाही. गावातले सगळे पुरुष तिच्यामागे लागलेले, म्हणून वाचक लावण्यवती शोधतो. समोर येते ती मोठ्या हाडापेराची बाई, भांग वाकडा, ओठांचा रंग ओठांबाहेर गेलेला आणि मोज्याचा धागा उसवलेला. तिला पैसा हवा असतो आणि ती ते लपवत नाही. कुणाचा शेअर कुठे आहे, कुणी कुणाला किती दिले, हे सगळे तिला पाठ असते आणि प्रत्येक माहितीचा ती रोख दर सांगते. ऑपशीही ती घासाघीस करते. बाजारात भाजीवाल्या मावशी जशा ताजव्यावरून नजर हलवत नाहीत, तशी ही बाई. तिला सज्जन म्हणता येणार नाही, पण गावातल्या सगळ्या बड्या धेंडांत खोटा आव न आणणारी तीच एक आहे. एका रात्री ऑप गुंगीतून जागा होतो तेव्हा डायना मरून पडलेली असते आणि तिच्या छातीत रुतलेल्या बर्फ फोडायच्या टोच्याच्या मुठीवर त्याचाच हात असतो. खून आपण केला की काय हे त्याला स्वतःलाच सांगता येत नाही. त्या टणक माणसाला कादंबरीत खरी धास्ती बसते ती इथे.

जुलै १९२९ मध्ये ‘दि डेन कर्स’ आली. ती मला तितकीशी जमलेली वाटत नाही. मग फेब्रुवारी १९३० मध्ये ‘दि माल्टीज फाल्कन’. (ज्यांना ही कादंबरी वाचायची आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद वगळावेत, कारण खुनी कोण हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.) सॅम स्पेड आणि त्याचा भागीदार माइल्स आर्चर यांच्या कचेरीत एक तरुणी येते. आधी ती वंडरली नाव सांगते, मग लब्लाँक आणि शेवटी ब्रिजिड ओशॉनेसी. त्याच रात्री आर्चरचा खून होतो. रत्नजडित बहिरी ससाण्याची एक जुनी मूर्ती आणि तिच्या मागे लागलेली तऱ्हेवाईक माणसे यांत कादंबरी फिरत राहते. ब्रिजिड भित्री, असहाय, आधार शोधणारी वाटते. पुरुषांना बाई जशी हवी असते तशी ती होऊन दाखवते आणि त्या सोंगाच्या आड सगळी सूत्रे स्वतः हलवते. आर्चरला तिनेच मारलेले असते. स्पेडचे तिच्यावर प्रेम असेलही, नसेलही. तो तिला पोलिसांच्या हवाली करतो.

याच कादंबरीत एफी पेरीन आहे, स्पेडची सेक्रेटरी. आईबरोबर राहणारी, मुलासारख्या चेहऱ्याची, महिन्याच्या पगारावर काम करणारी मुलगी. तिच्याबद्दल फार कोणी लिहीत नाही. पण कचेरी चालते ती तिच्यावर. मध्यरात्री आर्चरच्या बायकोला तो गेल्याचे सांगायला तिलाच धाडले जाते. मूर्तीच्या इतिहासाची शहानिशा ती विद्यापीठातल्या आपल्या नातेवाइकाकडून करून आणते. मूर्तीचे गाठोडे घेऊन आलेला जहाजाचा कप्तान कचेरीत येऊन मरतो तेव्हाही ती जागेवर उभी असते. ब्रिजिड चांगली मुलगी आहे असा तिचा ठाम विश्वास असतो आणि तो चुकीचा ठरतो. शेवटी स्पेडने केले ते बरोबर होते हे तिला कळते. तरी ती त्याला म्हणते की आता मला हात लावू नकोस. स्पेड कायद्याने बरोबर आहे, तर्कानेही बरोबर आहे, आणि तरी या पगारी मुलीच्या नजरेत तो उतरला आहे. पूर्ण कादंबरीत स्पेडचा चेहरा पडतो तो इथेच. मला विचाराल तर हॅमेटची खरी करारी नायिका ब्रिजिड नसून एफीच आहे.

या पात्रांची मुळे हॅमेटने १९३४ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत स्वतःच सांगितली आहेत. ब्रिजिडच्या मागे दोन स्त्रिया होत्या. एक चित्रकार होती. दुसरी पिंकर्टनच्या सॅन फ्रान्सिस्को कचेरीत आली होती ती आपल्या घरकामाच्या बाईला कामावरून काढायला माणूस भाड्याने मिळेल का हे विचारायला. सर्वांत मौज एफीची. त्या सरळमार्गी एफीचे मूळ असलेल्या मुलीने सॅन दिएगोत हॅमेटला अमली पदार्थांच्या चोरट्या धंद्यात भागीदारीचे निमंत्रण दिले होते! स्पेडचे मात्र कुणीच मूळ नव्हते. म्हणजे बायका त्याने पाहून लिहिल्या आणि नायक मनाने रचला. पुस्तक त्याने जोसला अर्पण केले. पण अर्पणपत्रिका छापून आली तोपर्यंत तो जोस आणि मुलींना कॅलिफोर्नियात ठेवून न्यूयॉर्कला निघून गेला होता.

इथे चरित्रातली एक अवघड गोष्ट येते. १९३१ मध्ये ‘दि ग्लास की’ आली, हॉलिवूडचा पैसा आला आणि त्याबरोबर बेसुमार दारू आली. एका अभिनेत्रीने त्याच्यावर मारहाण आणि बळजबरीचा दावा लावला. १९३२ मध्ये न्यायालयाने तिला अडीच हजार डॉलर भरपाई मंजूर केली. हॅमेट उत्तर द्यायला न्यायालयात उभासुद्धा राहिला नाही. जोसला पैसे पाठवण्यातही नियम नव्हता. हाती असले की भरपूर, नसले की कित्येक दिवस काही नाही. त्या काळात दोन मुलींना वाढवले ते जोसने, आणि कोणत्याही कादंबरीत तिच्यासारखी बाई नाही. जो माणूस कागदावर बाईला पूर्ण माणूस मानतो, त्याने घरात आणि दिवाणखान्यात असे वागावे याची संगती मला लावता येत नाही. काही लेखक हे प्रकरण तळटिपेत टाकतात. डायना ब्रँडचा हिशेब चोख ठेवणाऱ्या लेखकाचा हिशेबही चोखच ठेवला पाहिजे.

नोव्हेंबर १९३० मध्ये हॉलिवूडमध्ये त्याची आणि लिलियन हेलमनची गाठ पडली होती. ती पंचवीस वर्षांची, विवाहित, पटकथा वाचण्याची किरकोळ नोकरी करणारी होती, तो छत्तीस वर्षांचा प्रसिद्ध लेखक. तिचे लग्न पुढे मोडले. या दोघांनी लग्न कधीच केले नाही, पुष्कळदा वेगळी राहिली, भांडली आणि तरी त्यांचे नाते तीस वर्षे टिकले. जानेवारी १९३४ मध्ये आलेली ‘दि थिन मॅन’ ही शेवटची कादंबरी त्याने तिला अर्पण केली. निक चार्ल्स हा निवृत्त गुप्तहेर आणि त्याची श्रीमंत बायको नोरा यांची ही गोष्ट. नोरा भीत नाही, नवऱ्याच्या बरोबरीने थट्टा करते, नको तेव्हा नेमका प्रश्न विचारते आणि आराम करायला आलेल्या निकला पुन्हा तपासात ओढते. नोरा म्हणजे तूच, असे हॅमेटने लिलियनला सांगितले तेव्हा ती खूश झाली. मग त्याने तिला सांगितले की त्याच पुस्तकातली खुळी मुलगी आणि दुष्ट बाईही तूच आहेस! ही हकिगत लिलियननेच लिहिली आहे. तिच्या आठवणींच्या खरेपणावर पुढे बरेच वाद झाले हे खरे, पण स्वतःची फजिती तिने रंगवून सांगितली असेल असे मला वाटत नाही. त्याच वर्षी मर्ना लॉय आणि विल्यम पॉवेल यांचा चित्रपट आला आणि नोरा घराघरात गेली.

१९३४ नंतर हॅमेट सत्तावीस वर्षे जगला, पण त्याची एकही कादंबरी आली नाही. कारणे पुष्कळ सांगितली जातात. दारू, हॉलिवूडचा सहज पैसा, प्रकृती, साचा मोडून मोठे काही लिहिण्याची हाव. मात्र याच काळात तो दुसऱ्याच्या लेखणीमागे उभा राहिला. १८१० मधल्या एडिंबरोच्या एका खटल्याची हकिगत त्याने लिलियनला वाचायला दिली. त्यात एका शाळकरी मुलीच्या आरोपामुळे दोन शिक्षिकांची शाळा बंद पडली होती. त्यावरून लिलियनने ‘दि चिल्ड्रन्स अवर’ हे नाटक लिहिले. २० नोव्हेंबर १९३४ रोजी ते रंगमंचावर आले आणि त्याचे ६९१ प्रयोग झाले. १९३९ च्या ‘दि लिटल फॉक्सेस’चे खर्डे तो पुन:पुन्हा परत करी. त्यातली पैशासाठी नवऱ्याला डोळ्यांदेखत मरू देणारी रेजिना ही ब्रिजिडचीच बहीण शोभते. १९४१ मध्ये जॉन ह्यूस्टनने ‘दि माल्टीज फाल्कन’वर चित्रपट काढला. मेरी ॲस्टरची ब्रिजिड आणि ली पॅट्रिकची एफी त्यात पाहण्यासारख्या आहेत.

१९३७ च्या सुमारास हॅमेट कम्युनिस्ट पक्षात गेला. एके काळी संप मोडणाऱ्यांच्या पगारावर असलेला माणूस कामगारांच्या बाजूला आला. तरीही १९४२ मध्ये, अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, रोगी फुप्फुसे घेऊन तो साधा शिपाई म्हणून पुन्हा सैन्यात भरती झाला. अलास्काजवळच्या अल्यूशियन बेटांत, एडॅकच्या बर्फात त्याने सैनिकांसाठी वृत्तपत्र चालवले.

युद्ध संपले आणि हवा पालटली. न्यूयॉर्कच्या नागरी हक्क परिषदेने एक जामीन निधी उभा केला होता आणि हॅमेट त्याचा विश्वस्त होता. शिक्षा झालेल्या अकरा कम्युनिस्ट पुढाऱ्यांना या निधीतून जामीन मिळाला होता. त्यांतले चौघे १९५१ मध्ये फरारी झाले. जुलै १९५१ मध्ये न्यायालयाने हॅमेटला बोलावून निधीला पैसे देणाऱ्यांची नावे विचारली. त्याने एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नाही. न्यायालयाच्या अवमानाबद्दल सहा महिन्यांची शिक्षा झाली. सत्तावन्न वर्षांच्या या क्षयरोग्याने केंटकी राज्यातल्या ॲशलंडच्या तुरुंगात संडास साफ केले. लिलियनच्या सांगण्याप्रमाणे देणगीदारांची नावे त्याला ठाऊकच नव्हती, पण तेवढे सांगून सुटून जाणेही त्याला मान्य नव्हते. ज्याच्या गुप्तहेराने प्रेयसीला पोलिसांच्या स्वाधीन केले, त्याने स्वतः मात्र कुणालाही स्वाधीन केले नाही. हा विरोध मला बरेच दिवस छळत होता. आता वाटते की स्पेड ब्रिजिडला देतो ते तिने खून केला म्हणून. देणगीदारांनी काय केले होते? पुढच्या वर्षी, मे १९५२ मध्ये, लिलियनलाही संसदेच्या चौकशी समितीपुढे उभे राहावे लागले आणि तिनेही दुसऱ्या कुणाविरुद्ध सांगायला नकार दिला.

तुरुंगातून तो बाहेर आला तेव्हा प्राप्तिकर खात्याने थकबाकीपोटी त्याच्या पुस्तकांचे उत्पन्न अडकवून ठेवले होते. १९५३ मध्ये सिनेटर मॅकार्थीच्या समितीने त्याला बोलावले. परदेशातल्या अमेरिकन ग्रंथालयांतून त्याची पुस्तके काही काळ काढून ठेवण्यात आली. न्यूयॉर्कजवळच्या कटोना गावी मित्रांच्या एका लहान घरात तो फुकट राहिला. दारू त्याने केव्हाच सोडली होती. ‘ट्युलिप’ ही आत्मचरित्रात्मक कादंबरी सुरू केली, ती पुरी झाली नाही. शेवटची दोन-तीन वर्षे लिलियनने त्याला आपल्या घरी ठेवून घेतले. आईसारखी, जोससारखी परिचारिका ती नव्हती, पण शुश्रूषा तिनेच केली. १० जानेवारी १९६१ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने तो न्यूयॉर्कमध्ये वारला. दोन्ही महायुद्धांत सैनिक असल्यामुळे त्याला आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत जागा मिळाली.

त्याच्यानंतर त्याच्या वाटेवरून पुष्कळ पुरुष लेखक गेले. १९७७ मध्ये मार्शिया म्युलर या लेखिकेने त्याच सॅन फ्रान्सिस्कोत शॅरन मकोन ही स्त्री गुप्तहेर उभी केली. १९८२ मध्ये सारा पॅरेट्स्कीची व्ही. आय. वॉर्शॉस्की आणि सू ग्राफ्टनची किन्सी मिलहोन या दोघी आल्या. एफी पेरीन ज्या टेबलाशी बसत होती तिथून उठून बाई आतल्या खोलीतल्या खुर्चीवर जाऊन बसायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली.

सॅन फ्रान्सिस्कोत बरिट स्ट्रीट नावाची एक छोटी गल्ली आहे. कादंबरीत माइल्स आर्चर जिथे मरतो ती हीच. तिच्या तोंडाशी भिंतीवर पितळी पाटी बसवली आहे आणि आर्चर इथे कुणाच्या हातून मेला ते त्या बाईच्या नावासह पाटीवर कोरलेले आहे. जी बाई कधी जन्मलीच नाही तिच्या नावाची पाटी गावाने लावली आहे. कादंबरी अर्धीच वाचून झाली असेल तर त्या गल्लीसमोरून जाताना मान दुसरीकडे वळवावी हे बरे.